तपकिरी भिंत

रमजानच्या आधी घराला रंग द्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. यंदा कोंढव्यातल्या आमच्या हॉलची एक भिंत मुलीच्या हट्टापायी गडद तपकिरी झाली. अगदी ओल्या मातीसारखी. आधी तिथे दहा वर्षं हिरवा होता. इफ्तारला आलेल्या एका जुन्या परिचितांनी भिंत पाहिली आणि मनापासून म्हणाले, "बरं झालं, हिरवा घालवलात. आता घर कसं सगळ्यांसारखं दिसतं."

त्यांचा हेतू वाईट नव्हता. म्हणूनच ते वाक्य जास्त टोचलं.

हिरवा आम्ही धर्म म्हणून लावला नव्हता. अम्मीला तो आवडायचा, दुपारच्या उन्हात डोळ्यांना गार वाटायचा, एवढंच. महाराष्ट्रात नवरीच्या हातात हिरवा चुडा भरतात, तेव्हा कोणी त्या रंगाचा धर्म विचारत नाही. आमच्या भिंतीवर आला की मात्र त्याचा झेंडा होतो.

आणि तपकिरी? तो कुणाचाच नाही म्हणून बरा, असं काहींना वाटतं. मला तो सगळ्यांचा वाटतो. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू आणि पिवळी माती वापरली. वारली चित्रं गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जातात. 'खाकी' हा शब्द फारसी 'खाक'वरून आला. खाक म्हणजे माती, धूळ. पँटोन या अमेरिकी कंपनीने 2025 चा रंग म्हणून 'मोका मूस' नावाचा तपकिरी निवडला. सारवलेल्या घरात वाढलेल्या माझ्या आजीला त्यात काही नवल वाटलं नसतं.

कुणाला हा रंग लावायचा असेल, तर अनुभवाचे दोन शब्द. गडद तपकिरी उजेड पितो. खोली लहान असेल तर एकच भिंत रंगवा, बाकीच्या भिंती फिक्या आणि छत पांढरं ठेवा. दिवे पिवळसर उजेडाचे लावा. पुट्टी नीट घासून घ्या, नाहीतर बाजूने उजेड पडला की प्रत्येक उंचवटा दिसतो. आमच्या रंगाऱ्याला तीन हात द्यावे लागले, तेव्हा कुठे खालचा हिरवा झाकला गेला.

भिंत पाहून खाला म्हणाली, "अगं, कबरीची आठवण येते." मी म्हटलं, येऊ दे की! माणूस मातीपासून घडवला, असं कुरआनात आहे. दफनाच्या वेळी आपण तीन मुठी माती देतो. आणि मराठीत तर कुणी गेलं की शेजारीपाजारी 'मातीला' जातात. मातीची भीती कसली?

भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पुण्यात भाड्याने घर शोधताना आडनाव सांगितल्यावर फोनवर पसरणारी शांतता आमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मग हळूहळू आपणच आपल्या खुणा पुसू लागतो. दारावरची पाटी लहान करतो, भिंतीचा रंग बदलतो. पण रंग बदलून आडनाव बदलत नाही, आणि ते बदलायची गरजही नाही. तपकिरी लावा, हिरवा लावा. आवडला म्हणून लावा. भीतीपोटी निवडलेला रंग कितीही देखणा असला, तरी आपल्याच घरात परका वाटतो.

त्या परिचितांना पुढच्या रमजानलाही इफ्तारला बोलावणार आहे. तोवर आतली खोली हिरवी झालेली असेल.