तिसऱ्या चाकाची लाज कशाला?



या पानावर एरवी मी लागणीचा हंगाम, बेणे प्रक्रिया, हुमणी, खोडवा यांविषयी लिहितो. या वेळी जरा वेगळा विषय घेतो. विषय माझ्या गाडीचा आहे. पण तो नुसता माझ्या गाडीचा असता तर तुमचा वेळ घेतला नसता.

गेली दोन वर्षे मी तीनचाकी गाडीवरून शिवारात फिरतो. त्याआधी वीस वर्षे मोटारसायकलवरून फिरलो. २००२ साली महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला, त्याच साली मी नोकरीला लागलो. शंभर सीसीची हिरो होंडा घेऊन दिवसाला पंधरा-वीस प्लॉट बघायचे, एकेक पान उलटे करून खालचा पांढरा मावा शोधायचा, आणि दिवस मावळला की गट ऑफिसला येऊन रिपोर्ट लिहायचा. बांधावरून, पाटाच्या कडेने, ट्रेलरने पाडलेल्या चाकोरीतून, कुठूनही गाडी घालायचो. "सायेब कुठंबी गाडी घालत्यात" ही तुमची शाबासकी मला पगाराइतकीच गोड लागायची, हे आज कबूल करतो.

२०२२ च्या जानेवारीत, हंगाम ऐन भरात असताना, संध्याकाळी परत येत होतो. कुणाच्या तरी पाळीचे पाणी फुटून रस्त्यावर आले होते. गाडी घसरली आणि डावा पाय गाडीखाली सापडला. घोट्याचा चुरा झाला. ऑपरेशन, प्लेट, स्क्रू आणि सात महिने घरी. हाड जुळले, पण घोटा पूर्वीसारखा वळत नाही आणि उभ्या गाडीचे वजन पेलत नाही. मोटारसायकलचा गिअर डाव्या पायात, थांबताना टेकायचाही तोच पाय. दोन्ही कामे गेली. डॉक्टर म्हणाले, "चालाल, फिराल, पण दोन चाकांवर बसू नका."

मी ऐकले नाही. सहा महिने तीच गाडी रेटली. एकदा गट ऑफिससमोर उभी गाडीच अंगावर आली. चिटबॉयने धरली म्हणून पाय दुसऱ्यांदा मोडला नाही. डॉक्टरांचे न ऐकण्याचे कारण एकच होते, लाज. साइड व्हीलची गाडी म्हणजे अपंगांची गाडी, असे माझ्याच डोक्यात बसले होते. लोक काय म्हणतील ते लोकांच्या आधी मीच म्हणून मोकळा झालो होतो.

शेवटी घरातूनच कानउघाडणी झाली. सौ. म्हणाल्या, "अहो, पडलात तेव्हा उचलायला दोघंच आली होती. मग दोनशे जणांच्या बोलण्याची काळजी कशाला करता?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या महिन्यातच बिनगिअरची स्कूटर घेतली आणि मागे दोन बाजूंना चाके बसवून घेतली. मोजायला गेले तर तिला चाके चार होतात, कारण कंपनीचे मागचे चाक मध्ये तसेच राहते. पण लोकांच्या तोंडी ती तीनचाकी, म्हणून मीही तीनचाकीच म्हणतो.

आता लोक काय म्हणाले ते ऐका. पहिल्या आठवड्यात काट्याजवळच्या चहाच्या टपरीवरून हाक आली, "सायेब, एक सीट घेता का स्टँडपर्यंत?" हसलो, सोडून दिले. दुसरे एक बुजुर्ग सभासद रोज भेटले की "अरेरे, काय वेळ आली हो तुमच्यावर" म्हणायचे. तिसरे कौतुक करणारे, "तुम्ही अजून शिवारात येताय, कमाल आहे!" ऊस बघायला येणे ही माझी नोकरी, त्यात कमाल कसली? पण सर्वांत लागले ते एका सहकाऱ्याचे बोलणे. अगदी मायेने म्हणाला, "आता कशाला उन्हातान्हात फिरता? ऑफिसात बसून नोंदी बघा." ज्याचे काम पानाची खालची बाजू बघण्याचे, त्याला खुर्चीवर बसवले की त्याच्याकडे फक्त कागद उरतो. थट्टेने माणूस तासभर खट्टू होतो. अशा दयेने त्याचे काम जाते.

गाडी बदलली म्हणून माणूस सोपा झाला, असेही नाही. ही गाडी पुन्हा शिकावी लागते. मोटारसायकल वळणावर झुकते, ही झुकत नाही. वेगात वळवली की आतल्या बाजूचे चाक उचलते. म्हणून वेग वळणाआधीच कमी करायचा आणि अंग आतल्या बाजूला टाकायचे. थांबताना पाय खाली टेकायची जुनी सवय मोडावी लागते, नाहीतर मागून येणारे बाजूचे चाक पायावरून जाते. दोन चाकी खड्डा चुकवते. हिला तीन चाकोऱ्या, एक चुकवली की दुसरी सापडतेच. आणि बाजूची चाके उंचावर व मधले चाक खोलगटावर आले की मधले चाक जागच्या जागी फिरते, गाडी हलत नाही. मग उतरून ढकलणे आले. चिखलात मात्र आडवी होत नाही, हा तिचा मोठा गुण.

हे सगळे मला शिकवले एका तरुणाने. आपल्याच एका सभासदाचा मुलगा, लहानपणी पोलिओ झालेला. अशाच गाडीवर दोन कॅन बांधून रोज पहाटे डेअरीला दूध घालतो. मी त्याला बारा वर्षे रस्त्यात बघत होतो आणि "तो तीनचाकीवाला" एवढीच त्याची ओळख ठेवली होती. नाव कधी विचारले नव्हते. गाडी घेतल्यावर विचारले. चार दिवस संध्याकाळी कारखान्याच्या मोकळ्या यार्डात त्याने माझ्याकडून फेऱ्या मारून घेतल्या. शेवटच्या दिवशी म्हणाला, "सायेब, तुमच्याकडं बघून लोक हळहळतात, कारण तुम्ही आधी दोन चाकावर होता. माझ्याकडं कोण बघतच नाही." त्या वाक्याने मला रात्री झोप लागली नाही. टपरीवरच्या माणसावर मी रागावलो होतो. पण बारा वर्षे मीही त्याच टपरीवर बसलो होतो की.

आता कुणी म्हणेल, एवढे मनावर कशाला घ्यायचे? घ्यायचे, कारण यात शेतीचे नुकसान आहे. आपल्या गटातले एक सभासद, वय सत्तरीच्या घरात, गुडघे गेलेले. मुलाने तीनचाकी घेऊन देतो म्हटले तर म्हणाले, "आयुष्यभर बुलेट चालवली, आता लंगड्याच्या गाडीवर बसू काय?" झाले. दोन वर्षांत त्यांनी आपला ऊस पाहिलेला नाही. पाणी कधी बसते, खत कुठे पडते, सगळे दुसऱ्याच्या सांगण्यावर. दोन एकर खोडव्यात निम्म्या जागी नांग्या आहेत आणि मालक ओट्यावर बसून आहेत. जमिनीला मालकाचे पाऊल लागते असे आपणच म्हणतो ना? मग ते पाऊल दोन चाकांवरून येते की तीन, हे जमीन विचारत नाही.

खोडव्याचेच उदाहरण घ्या. लागणीचा ऊस तो खरा ऊस आणि खोडवा म्हणजे सावत्र पोर, अशी आपली जुनी समजूत. म्हणून पाचट पेटवायचे, खत उरले तर द्यायचे, आणि उतारा पडला की खोडव्याला नावे ठेवायची. पण ज्यांनी पाचट न जाळता सरीत ठेवले, बुडखे जमिनीलगत छाटले, पहारीने खत मुळाशी दिले, त्यांचा खोडवा लागणीच्या तोडीस तोड आलेला तुम्ही पाहिला आहे. तोडणीनंतरचे पीक दुय्यम नसते, आपण त्याला दुय्यम वागवतो. मोडलेल्या हाडानंतरचे माणसाचे आयुष्यही असेच आहे. त्याची मशागत वेगळी, एवढेच.

आणि तीन चाकांना कमी लेखणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. जर्मनीच्या कार्ल बेंझने १८८६ साली ज्या मोटारगाडीचे पेटंट घेतले, ती पहिली गाडी तीन चाकांची होती. १८८८ साली त्याची बायको बर्था ही मुलांना घेऊन तसल्याच तीनचाकीवरून मॅनहाइमहून फॉर्झहाइमला, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर गेली. अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९३२ पासून १९७३ पर्यंत तीनचाकी मोटारसायकल बनवली, आणि तिकडचे पोलीस ती चालवत. पोलिसाला कुणी "अरेरे" म्हटले असेल असे वाटत नाही.

कायद्यानेही आपली भाषा सुधारली आहे. जुन्या मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला 'इनव्हॅलिड कॅरिज' म्हणजे पंगू माणसाची गाडी म्हणत. २०१९ च्या दुरुस्तीत ते नाव गेले आणि 'ॲडाप्टेड व्हेइकल' म्हणजे माणसाच्या सोयीने बदलून घेतलेली गाडी, असे नाव आले. कायदा बदलला, आपली टपरी तेवढी बदलायची राहिली आहे. कायद्याचे निघालेच आहे तर हेही सांगतो. चाके बसवली की काम संपले असे समजू नका. कलम ५२ प्रमाणे त्या बदलाची नोंद आर.टी.ओ.कडे आर.सी. बुकात करून घ्या, परवाना त्या गाडीचा काढा आणि विमा कंपनीला कळवा. अपघात झाल्यावर कागद शोधण्यात अर्थ नसतो.

आता आपल्याकडून काय व्हावे तेही स्पष्ट लिहितो. गट ऑफिसला तीन पायऱ्या आहेत. एका बाजूला उतार करून दिला तर म्हातारे सभासदही दुवा देतील. काट्याजवळ सावलीत दोन गाड्यांची रुंद जागा राखावी. आणि तिसरी गोष्ट तुमच्या हातातली. पाणंदी दरवर्षी दोन्ही बाजूंनी नांगर घालून कोरल्या जातात. मोटारसायकल होती तोवर मला हे कळले नाही, ती वीतभर वाटेने जायची. आता चार फूट रुंदीची गाडी आहे, तर कुणी पाणंद किती खाल्ली ते मला इंचात सांगता येते! आज माझी गाडी अडते. उद्या तुमच्या उसाची अंगद गाडी तिथेच अडेल. तेवढी माती परत सोडा.

ज्यांचे गुडघे, कंबर, पाय बोलू लागले आहेत त्यांना एवढेच सांगतो, पडायची वाट बघू नका. मी पाहिली, सात महिने आणि एक घोटा मोजला. आणि ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी रस्त्यात तीनचाकीवाला दिसला तर थट्टा नको, हळहळ नको, "ऊस कसा आहे?" एवढे विचारावे. त्याला तेच बरे वाटते. अनुभवाने सांगतो.

कुणाला गाडी चालवून बघायची असेल त्यांनी मंगळवारी चारनंतर यार्डात यावे. शिकवायला मी आहे, आणि माझे गुरुजीही येतात; दूध घालून झाले की त्यांना वेळ असतो. फक्त पाय खाली टेकू नका.

— ऊस विकास अधिकारी