एमएस-सीआयटीत लिनक्सला एक बाक द्या

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र ज्ञान महामंडळ मर्यादित, पुणे

विषय : एमएस-सीआयटीच्या अभ्यासक्रमात आणि परीक्षेत मुक्त सॉफ्टवेअरचा पर्याय मिळण्याबाबत

महोदय,

हे पत्र उल्हासनगर कॅम्प ५ मधून लिहितो आहे. नेताजी चौकाच्या आसपास माझे संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे जीन्स मार्केटमधले व्यापारी, लेबल छापणारे, घरी शिकवण्या घेणाऱ्या ताई आणि तुमची पोरे, म्हणजे एमएस-सीआयटीला बसलेली किंवा नुकतीच पास झालेली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले. तेव्हापासून काउंटरवर एकच गाऱ्हाणे येते : "दादा, मशीन मस्त चालते, पण अकरा टाकता येणार नाही म्हणते. आता काय करू?"

विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आमच्याकडे घरोघरी आहेत ते चौथ्या-सहाव्या पिढीचे डबे. एखाद्या कंपनीने कार्यालयातून काढलेले, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ओळखीच्या माणसाकडून घेतलेले. त्यांच्यात बिघाड काहीही नाही. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-अपडेटची मुदतवाढ दिली आहे, पण ती मुदतवाढच. त्यानंतर वाटा दोन उरतात : चालते मशीन भंगारात घाला, नाहीतर कुणाकडून तरी अडवणूक चुकवून अकरा "मारून" घ्या, वर क्रॅकही मारून घ्या.

तिसरी वाट मी सुचवतो. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका, फुकट आहे, कायदेशीर आहे, तुमच्या मशीनला झेपेल. समोरचा माणूस दोन मिनिटे पडद्यावर बघतो, आवडलेले दिसते, आणि मग विचारतो : "पण एमएस-सीआयटीत हे असते का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून तुम्हाला पत्र. २००१ साली महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दोन दशकांत महाराष्ट्रातल्या कित्येक घरांनी माउस पहिल्यांदा हातात घेतला तो तुमच्या केंद्रावर. सरकारी नोकरीत संगणक येतो हे सिद्ध करायला तुमचे प्रमाणपत्र चालते. त्यामुळे तुम्ही जे शिकवता तोच संगणक, अशी लोकांची समजूत आहे, आणि ती समजूत विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस या दोन शब्दांत संपते. लिनक्सला विरोध तुम्ही कधी केलात असे माझे म्हणणे नाही. पण वर्गात ज्याला बाक नाही, त्याला गावात कोणी विचारत नाही.

आता थोडे आमच्या गावाविषयी. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथे आले आणि सैन्याने सोडलेल्या बराकींत त्यांनी संसार मांडले. आजही कित्येकांच्या पत्त्यात बॅरेक नंबर असतो. जुनी वस्तू पुन्हा कामाला लावणे या गावाला नव्याने शिकवावे लागत नाही. आणि आमच्यावरचा दुसरा शिक्का तुम्हाला ठाऊक असेलच : 'मेड इन यूएसए', यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. नक्कल करणारे गाव म्हणून आम्ही वर्षानुवर्षे हसे सोसले. गंमत अशी, की लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात नक्कल करण्याची परवानगी लेखी दिलेली असते. जीपीएल हा त्यातला सर्वांत नावाजलेला परवाना १९८९ पासून आहे. वापरा, प्रती काढा, वाटा, हवे तर विकाही. दुसऱ्याला दिलेत तर मूळ कोडही, बदल केला असेल तर बदललेला, त्याच परवान्याखाली त्याला मिळाला पाहिजे, ही मुख्य अट. एका पेन ड्राइव्हवरून अख्ख्या चाळीला लिनक्स वाटले तरी कुठलीही धाड पडणार नाही. हे व्यापाऱ्याला सांगितले की तो आधी माझ्याकडे संशयाने बघतो. फुकट आणि कायदेशीर हे दोन शब्द एका वाक्यात त्याने ऐकलेले नसतात.

नवशिक्याला कोणते लिनक्स द्यावे यावर जाणकार रात्रभर भांडतील. माझे मत सांगतो, धंद्यातून आलेले आहे. चार जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंट, सिनॅमन डेस्कटॉपसह. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, विंडोज ७ वापरलेल्या माणसाला पत्ता विचारावा लागत नाही. रॅम त्याहून कमी असेल किंवा प्रोसेसर फारच म्हातारा असेल तर तेच मिंट, एक्सएफसीई डेस्कटॉपसह. मिंट २००६ पासून आहे, उबुंटूच्या पायावर उभे आहे, आणि २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ज्याला दिसणे जरा नवे हवे त्याला झोरिन. त्याच्या कर्त्यांनी अठरावी आवृत्ती नेमकी १४ ऑक्टोबर २०२५ लाच काढली, म्हणजे बाजार त्यांनाही कळतो. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढणारे फेडोरा चांगले आहे, पण मावशीच्या मशीनवर नको. आपल्या सी-डॅकचे बॉस लिनक्स २००७ पासून आहे आणि त्याचा अभिमानही आहे. तरीही घरात काही अडले तर शोधल्यावर उत्तर पटकन सापडावे लागते, आणि ते उबुंटू-मिंटचे सापडते. नवशिक्यासाठी हीच मोठी कसोटी. रंग आणि आयकॉन नंतर.

आणि एक सांगायचेच राहिले. जुनी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी टाकली तर मशीनला जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही सिस्टमने पडत नाही. एसएसडी आणि लिनक्स दोन्ही टाकले तर गिऱ्हाईक बिलाकडे न बघता मशीनकडे बघते.

मुळात काही पुसायच्या आधी सगळे करून बघता येते, हे लोकांना माहीत नसते. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केले की लिनक्स थेट चालते, डिस्कला हात लागत नाही. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, हे बघा. नाही पटले तर पेन ड्राइव्ह काढा, मशीन पुन्हा सुरू करा, विंडोज जागेवर आहे. फोटो-कागदपत्रांची प्रत आधी काढून ठेवावी, हे मी प्रत्येकाला बजावतो.

महोदय, मी लिनक्सचा प्रचारक नाही. ज्यांचे काम अडेल त्यांना मी स्वतः परत पाठवतो. हिशेबाचे टॅली विंडोजवरच चालते, आणि आमच्या मार्केटमध्ये टॅलीशिवाय दुकान म्हणजे वहीशिवाय वाणी. त्या मशीनला मी हात लावत नाही. लेबल आणि टॅग छापणारे कोरलड्रॉवर बसलेले आहेत. त्याजागी चालणारे इंकस्केप चांगले आहे, त्याला जोडून एम्ब्रॉयडरीची फाइल बनवणारे इंक-स्टिच हे मुक्त सॉफ्टवेअरही आहे, पण दिवसाला शंभर फायली हाताळणाऱ्या कारागिराला आज बदल म्हणजे उद्याचा माल रखडणे. डिजिटल सहीचा डोंगल लावायचा तर लिनक्सवर खटपट जास्त. छोट्या दुकानदाराचे जीएसटी विवरण मात्र ओटीपीवर, साध्या फायरफॉक्समधून भरता येते. प्रिंटरचे तर नशीबच : एचपीचे बहुतेक लावले की चालतात, आणि निम्म्या झेरॉक्सवाल्यांकडे असलेला कॅननचा एलबीपी २९०० वेगळा ड्रायव्हर मागून अर्धा दिवस खातो.

पण हे सगळे धंद्याचे. घरातल्या मशीनवर काय चालते? ब्राउझर, यूट्यूब, पोराचा प्रकल्प, नोकरीचा अर्ज, लग्नाची यादी, पीडीएफ. त्यासाठी फायरफॉक्स, व्हीएलसी आणि लिबरऑफिस पुरून उरतात. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये बेरीज, व्हीलूकअप सगळे तसेच लिहायचे. रायटर डॉक्स फाइल उघडतो आणि तशीच साठवतोही. टेबलांची गुंतागुंतीची फाइल असेल तर रेषा थोड्या सरकतात, ते खरे. बाहेर द्यायचे ते पीडीएफ करून द्यावे, मग सरकायचा प्रश्नच नाही.

मराठीचे म्हणाल तर मुक्त सॉफ्टवेअरने आपल्याला उधारीवर ठेवलेले नाही. लिबरऑफिसचे मेनू मराठीत दिसतात. लोहित हा देवनागरी फॉन्ट रेड हॅटने २००४ साली मुक्त केला, पुढे त्याची निगा पुण्यातल्या अभियंत्यांनी राखली. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता फॉन्ट तर आता सगळीकडे दिसतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट निवडले की टायपिंगच्या क्लासात शिकलेली बोटे तशीच चालतात. आमच्या गावात देवनागरीतून सिंधी लिहिणारी वडीलधारी माणसे आहेत. ॻ, ॼ, ॾ, ॿ ही त्यांची अक्षरे जुन्या फॉन्टांत मिळत नसत, युनिकोडने ती २००६ साली घेतली. ती मिंटमध्ये उमटतात हे दाखवल्यावर जो चेहरा होतो तो कुठल्याही जाहिरातीपेक्षा बोलका असतो. उलट श्रीलिपी फॉन्टातल्या जुन्या फायली मात्र लिनक्सवर नुसती निरर्थक अक्षरे दाखवतात. तो फॉन्ट नसेल तर नव्या विंडोजवरही तेच होईल, पण बोल लिनक्सला लागतो.

आता मुद्द्यावर येतो. तुमचा अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा ऑफिसमध्ये वर मेनूंची एक ओळ असे. 'फाइल'मध्ये अमुक, 'फॉरमॅट'मध्ये तमुक असे पाठ करून मुले पास झाली. ऑफिस २००७ आले, मेनू गेले, रिबन आली, आणि ते पाठांतर एका रात्रीत निकामी झाले. तीच कंपनी, तेच सॉफ्टवेअर, तरीही. ज्याला शीर्षकाला स्टाइल का द्यायची आणि सेलमध्ये सूत्र कसे चालते हे कळले होते, तो आठवड्यात सावरला. बाकीचे पुन्हा क्लासला गेले. परीक्षेत दोन सॉफ्टवेअर असतील तर शिकवणाऱ्याला कल्पना समजावून सांगावीच लागेल, कारण बटणाची जागा सांगून भागणार नाही.

हे जमते, याचा दाखला केरळात आहे. २००१ साली तिथे आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला, २०१७ पासून त्याची 'काइट' ही सरकारी कंपनी झाली. राज्यातल्या शाळा उबुंटूवर आधारित सिस्टमवर शिकतात, दहावीची आयटीची परीक्षाही मुक्त सॉफ्टवेअरवर होते. यातून ३,००० कोटी रुपये वाचल्याचे काइटने २०१९ साली सांगितले होते. तो आकडा छापील किमतींवर बेतलेला असावा असे मला वाटते. निम्मा धरा, तरी रक्कम लहान नाही. फसलेले उदाहरणही सांगतो : जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ साली लिनक्सवर जायचे ठरवले, दहा वर्षांत हजारो संगणक बदलले आणि २०१७ साली परत विंडोजकडे वळायचा ठराव केला. कार्यालय वरून हुकूम देऊन बदलले तर असे होऊ शकते. शाळेपासून हाताला सवय लागली तर वेगळे होते.

शिकवायचे साहित्यही नव्याने बनवावे लागणार नाही. पवईच्या आयआयटी मुंबईने स्पोकन ट्युटोरियल नावाने लिनक्स आणि लिबरऑफिसचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले आहेत, मराठी आवाजासह, विनामूल्य. हिशेबाचे जीएनयूखाता हे मुक्त सॉफ्टवेअर मुंबईत कृष्णकांत माने यांच्या पुढाकाराने उभे राहिले. म्हणजे माणसेही इथलीच आहेत. केंद्र सरकारने २०१५ साली आपल्या खात्यांसाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, ते कागद तुमच्याकडे माझ्याआधी पोहोचले असतील.

म्हणून मागणी माफक आहे. विंडोज काढू नका. एमएस-सीआयटीत लिनक्स आणि लिबरऑफिसचा एक भाग सक्तीचा करा, थोड्या तासांचा असला तरी चालेल. परीक्षेतल्या लेखन आणि तक्त्यांच्या प्रश्नांना विद्यार्थ्याने कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उत्तर द्यायचे हे त्याला निवडू द्या, गुण तयार फाइलवर द्या. विंडोज ११ न चालणारी मशीन असलेल्या छोट्या केंद्रांना ती लिनक्सवर चालवायची लेखी मुभा द्या, म्हणजे केंद्रचालकाला कर्ज काढून नवे डबे घ्यावे लागणार नाहीत आणि त्याचा भार फीवर पडणार नाही. सुरुवात सगळ्या राज्यात एकदम नको. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर एवढ्या पट्ट्यातल्या इच्छुक केंद्रांवर एक तुकडी घ्या. मशीन बसवून द्यायला मी आणि माझ्यासारखे दोन-चार दुरुस्तीवाले फुकट येऊ.

ऑक्टोबर २०२६ ला वाढीव मुदतही संपेल. त्याआधी एक परिपत्रक काढा.

आपला नम्र,
कॅम्प ५ मधील एक संगणक दुरुस्तीवाला