काडीमोडाचा ताळेबंद

हिंदू परंपरेने विवाहाला संस्कार मानले आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो मोडण्याची वाट घालून दिली. परंतु तो मोडताना, दोघांच्या संसारात उभ्या राहिलेल्या संपत्तीचे काय करावयाचे, या प्रश्नाला मात्र कायद्याने अद्याप सरळ उत्तर दिलेले नाही. गरिबाच्या घरी हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. वाटून घेण्याजोगे तेथे काही नसतेच. श्रीमंताच्या घरी मात्र तो उग्र रूप धारण करतो.

घटस्फोट होताच पत्नीला पतीची निम्मी मालमत्ता मिळते, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो चुकीचा आहे. ज्याच्या नावावर मालमत्ता, त्याची मालकी, हाच आपला सर्वसाधारण नियम. अपवाद गोव्याचा. तेथील पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार झालेला नसल्यास, मालमत्ता दोघांची समाईक ठरते आणि विभक्त होताना ती निम्मी वाटली जाते. अन्यत्र पत्नीच्या हाती राहते ती पोटगीची मागणी. कायद्याचे कलम २४ दावा चालू असतानाच्या खर्चासाठी व कलम २५ कायमच्या निर्वाहासाठी आहे. या दोन्ही कलमांचा आधार पतीलाही घेता येतो.

पोटगीची रक्कम ठरते ती मुख्यतः उत्पन्न व मालमत्ता पाहून. आणि खरी मेख आहे ती येथेच. बंगला सासऱ्यांच्या नावे, कारखाना कंपनीच्या नावे, शेअर अविभक्त कुटुंबाच्या नावे आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रात बेताचा पगार, असे चित्र न्यायालयापुढे उभे करणे धनिकाला अवघड नसते. वीस वर्षे दाखवील तेथे सही करीत आलेल्या पत्नीला घरातील पैसा दिसतो, पण सिद्ध करता येत नाही. ज्या व्यवहारात एका पक्षाला सर्व माहिती आणि दुसऱ्याला काहीच नाही, तो न्याय्य होत नाही, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक तत्त्व आहे.

या विषमतेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या नागपूरहून आलेल्या प्रकरणात मोठा इलाज केला. पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र सादर केलेच पाहिजे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे न्यायालयाने ठरवून दिले. तथापि प्रतिज्ञापत्रातील असत्य उघडे पाडावयास हाती काही पुरावा लागतोच.

म्हणून तयारी हवी, आणि ती वेळेवर हवी. संयुक्त खात्यांचे उतारे, सह्या केलेल्या कर्जपत्रांच्या व विवरणपत्रांच्या प्रती, विमा, मुलांच्या शाळेच्या फीच्या पावत्या, घरखर्चाचा हिशेब हे सारे जपून ठेवावे. स्वतःच्या नावाचे स्वतंत्र खाते असावे. स्त्रीधनाची यादी करावी. स्त्रीधनावर पूर्ण मालकी स्त्रीचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. वकील गाठण्यास पैसा नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत साहाय्य मिळू शकते. मात्र दुसऱ्याची कपाटे फोडणे वा खोटी देणी दाखविणे ही तयारी नव्हे. प्रतिज्ञापत्राचे बंधन तिच्यावरही तितकेच आहे.

संसार चालू असताना कागद जमविणे हा विश्वासघात होय, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु भागीदारीच्या धंद्यात वह्या पाहू मागणाऱ्या भागीदाराला कोणी विश्वासघातकी म्हणत नाही. घर सांभाळून दुसऱ्याला कमाईस मोकळे करणारी स्त्री ही त्या कमाईची भागीदारच असते.

पत्नीला मालमत्तेत वाटा देऊ पाहणारे विवाह कायदे दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेने संमत केले. पण २०१४ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर ते निकालात निघाले. हा विषय संसदेने पुन्हा हाती घेतला पाहिजे. तोपर्यंत स्त्रीला आपल्या संसाराचा जमाखर्च ठाऊक असणे, हेच तिचे संरक्षण होय. संसार टिकला तरी त्या माहितीने कोणाचेच नुकसान व्हावयाचे नाही.