यंत्र आपले, कहाणी कोणाची?

डोंबिवलीला सांस्कृतिक नगरी म्हणतात. फडके रोडवरची दिवाळी पहाट, १९९९ पासूनची गुढीपाडव्याची शोभायात्रा, २०१७ चे साहित्य संमेलन, हे सारे त्या संस्कृतीच्या खात्यात जमा होते. मात्र १४ एप्रिलला वस्तीतल्या पोरांनी संगणकावर जुळवलेला ठेका वाजला, की त्याला लगेच 'डीजेचा धिंगाणा' म्हटले जाते. आवाजाची मर्यादा सर्वांनीच पाळली पाहिजे, जयंतीही त्याला अपवाद नाही. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या यंत्रावर आपण नाचतो, त्यातून आपण काही सांगतो काय?

हा प्रश्न अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात दोन काळ्या तरुणांनी सोडवला. मोटारींचे कारखाने बंद पडत गेलेल्या या शहरात १९८० च्या दशकात काळ्या तरुणांनी 'टेक्नो' हे इलेक्ट्रॉनिक संगीत घडवले. युरोपातल्या क्लबांत ते वाजू लागले आणि जनकांचा रंग जग विसरले. जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड यांची 'ड्रेक्सिया' ही जोडी याच मातीतली. ती प्रसिद्धीपासून दूरच राहिली. १९९७ साली त्यांचा 'द क्वेस्ट' हा दोन सीडींचा संग्रह निघाला, तोही डेट्रॉइटच्याच संगीतकारांनी उभारलेल्या 'सबमर्ज' या संस्थेकडून. त्यातला एक तुकडा कडाडतो, दुसरा संथ वाहतो, तिसरा नाचायला लावतो. शब्द जवळजवळ नाहीतच.

पण सोबतच्या मजकुरात एक कहाणी आहे. गुलामांच्या जहाजांवरून गरोदर आफ्रिकन स्त्रियांना समुद्रात फेकले गेले. त्यांची बाळे मेली नाहीत, ती पाण्यातच श्वास घेऊ लागली आणि समुद्राच्या तळाशी त्यांचा समाज उभा राहिला, अशी ती कल्पना. ही कल्पना हवेतली नव्हे. १७८१ साली 'झाँग' या इंग्रजी जहाजावरून १३० हून अधिक गुलामांना विम्याच्या पैशांसाठी समुद्रात लोटले होते. ज्यांना बुडवले त्यांचाच वंश या जोडीने नायक केला.

आम्हांस येथे महात्मा फुले आठवतात. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी मत्स्यावताराची पुराणकथा उलटी वाचली, पाण्यावरून आलेले आक्रमक दाखवले आणि बळीराजाला नायक केले. तो ग्रंथ त्यांनी अर्पण केला तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. पाण्याचा इतिहास आपल्यालाही आहे. १९२७ चे चवदार तळे आपण विसरलेलो नाही.

जलशांनी आणि वामनदादा कर्डकांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला, शेजारच्या कल्याणच्या शिंदे घराण्याने तो कॅसेटवरून घरोघर पोहोचवला. आजच्या पोरांच्या हाती त्याहून मोठे साधन आहे. कातडे, वाद्य, जात यांची जुनी साखळी संगणकाला नाही. तरीही आपण सिनेमाच्या चालीखाली ठेका टाकून थांबतो. ही उसनवारी किती दिवस?

मंडळांना आमचे सांगणे आहे. स्पीकरच्या भाड्यातला दहावा हिस्सा बाजूला काढा. वस्तीतली दोन होतकरू पोरे निवडा. चाल त्यांची, ठेका त्यांचा, मालकीही त्यांचीच असा एक अल्बम दरवर्षी निघू द्या. मग सांस्कृतिक नगरीची व्याख्या आपल्याला कोणाकडून शिकावी लागणार नाही.

जयभीम!