जुने ते सोने, पण धूळ विषारी

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चावीची घड्याळे, लाकडी रेडिओ, पत्र्याची खेळणी शोधत फिरणारी मंडळी आजही दिसतात. घरच्यांच्या लेखी हा भंगाराचा सोस. पण बंद पडलेले यंत्र उघडायचे, दोष शोधायचा, सुटा भाग मिळेपर्यंत धीर धरायचा आणि एक दिवस ते पुन्हा चालते करायचे, यात डोळे, बोटे आणि डोके एकाच वेळी कामाला लागतात. ‘नेचर मेडिसिन’मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ देशांतील ६५ वर्षांवरील ९३ हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. छंद जोपासणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे कमी आणि आयुष्याविषयीचे समाधान जास्त आढळले. छंदामुळेच हे घडते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारी असा छंद हाताशी असणे केव्हाही चांगले. दिनकर केळकरांनी असाच छंद आयुष्यभर जपला आणि त्यातून वीस हजारांवर वस्तूंचे ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ पुण्यात उभे राहिले.

या छंदाची दुसरी बाजू मात्र क्वचितच बोलली जाते. जुनी वस्तू आपल्या काळाची कारागिरी आणते, तशीच त्या काळाची रसायनेही.

अंधारात चमकणाऱ्या कोणत्याही वस्तूला मराठीत आपण सर्रास ‘रेडियमचे’ म्हणतो. आजच्या चमकत्या पट्ट्यांत रेडियम नसते. पण १९६०च्या दशकापर्यंतच्या अनेक घड्याळांच्या तबकड्यांवर ते खरोखरच असे. त्याच्या किरणांनी रंगातील झिंक सल्फाइड उजळत असे. झिंक सल्फाइड काही वर्षांत निकामी होते आणि चमक जाते. रेडियम मात्र निम्मे होण्यासच सुमारे १,६०० वर्षे लागतात. म्हणजे तबकडी विझली तरी किरणोत्सर्ग संपलेला नसतो. बंद घड्याळाचा धोका थोडा. ते उघडून सुकलेला रंग खरवडला, तर ती धूळ श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाते. शरीर रेडियमला कॅल्शियमसारखे वागवते आणि हाडांत साठवते. अमेरिकेतील न्यू जर्सीत शंभर वर्षांपूर्वी ओठांनी कुंचल्याला टोक काढून तबकड्या रंगवणाऱ्या तरुण कामगार स्त्रियांची जबड्याची हाडे सडली. अनेकींचा जीव गेला.

दुसरा धोका शिशाचा, आणि तो अधिक घरोघरी आहे. जुनी खेळणी, पाळणे, कपाटे यांच्या रंगात शिसे मुबलक असे. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती २०१७च्या नोव्हेंबरात. अशा रंगावर कोरडा पॉलिश पेपर घासला की उडणारी धूळ जमिनीवर बसते आणि रांगत्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. मुलांच्या मेंदूसाठी शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. आजोबांच्या छंदाची किंमत नातवाने मोजायची, हे कोणत्याच घराला परवडणारे नाही.

काळजी फार खर्चाची नाही. जुन्या चमकत्या तबकडीचे घड्याळ घरी उघडू नये. अशी घड्याळे झोपण्याच्या बंद खोलीत साठवू नयेत, कारण रेडियमपासून रेडॉन वायू तयार होतो. जुना रंग पाण्याने भिजवूनच घासावा, चांगल्या दर्जाचा धूळरोधक मास्क लावावा आणि जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. कामाच्या टेबलावर चहा-बिस्किटे नकोत. कपडे वेगळे धुवावेत. व्हॉल्व्हच्या रेडिओचा प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये घातक दाबाची वीज उरू शकते, म्हणून माहितगाराशिवाय त्यात हात घालू नये.

विक्रेत्यांनीही वस्तूचे वय सांगताना तिच्यातील रंगाबद्दल सावध करायला हवे. मुळात प्रत्येक वस्तू नवी दिसायलाच हवी, हा हट्टही सोडावा. जाणकार संग्राहक जुना थर शक्यतो तसाच राखतात, कारण वस्तूचा इतिहास त्यातच असतो. जिथे खरवडणे टळते, तिथे इतिहासही वाचतो आणि फुप्फुसेही.