वारसा की करार?

अब्राहाम, इसहाक आणि याकोब ही तीन नावे एका दमात उच्चारण्याची सवय इतकी जुनी आहे की, ती तीन अगदी वेगळ्या प्रकृतीच्या माणसांची नावे आहेत याचाच विसर पडतो. आजोबा, मुलगा आणि नातू. श्रद्धा एक, करार एक, आणि तो घराण्यातल्या दागिन्यासारखा बापाकडून मुलाकडे आलेला, अशी या कथांची सर्वसाधारण समजूत आहे. ‘उत्पत्ती’ या पुस्तकाची संहिता मात्र या समजुतीला दुजोरा देत नाही, असे माझे मत आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते ते वचन. श्रद्धा पुढे जात नाही. ती प्रत्येकाला आपापल्या परीने मिळवावी लागते, आणि प्रत्येकाची निराळीच निघते.

प्रथम ‘करार’ या शब्दाविषयी. मराठी बायबलने हिब्रू ‘बरीथ’साठी हा शब्द स्वीकारला. तो मूळचा अरबी, आणि आपल्याकडे व्यवहारात व कचेरीत रुळलेला. तो कानावर पडताच दोन पक्ष, अटी आणि सह्या डोळ्यांपुढे येतात. हिब्रूत मात्र करार ‘कापला’ जातो. पंधराव्या अध्यायात अब्राम (त्याचे नाव अजून अब्राहाम झालेले नाही) कालवड, शेळी आणि मेंढा मधोमध चिरून त्यांचे अर्धे समोरासमोर मांडतो. करार करणाऱ्यांनी त्या तुकड्यांमधून चालत जायचे, असा हा विधी. यिर्मयाच्या पुस्तकातही त्याचा उल्लेख आहे. परंतु इथे अब्रामाला गाढ झोप लागते, आणि तुकड्यांमधून जाते ती केवळ धुमसती भट्टी आणि जळती मशाल. म्हणजे बांधून घेतो तो एकच पक्ष. पुढे सतराव्या अध्यायात सुंतेची खूण येते आणि माणसाच्या वाट्याचे कर्तव्य सांगितले जाते. हे दोन अध्याय वेगवेगळ्या लेखनपरंपरांतून आले असावेत, असे चिकित्सक अभ्यासक एकोणिसाव्या शतकापासून मांडत आले आहेत. संपादकांनी मात्र दोन्ही ठेवले. बिनशर्त वचन आणि देहावरची अट यांचा ताण त्यांनी मिटवला नाही, ही या ग्रंथाची वाङ्मयीन सचोटी म्हटली पाहिजे.

खूण असली की वारसा आपोआप मिळतो, असेही नाही. तेरा वर्षांच्या इश्माएलाची सुंता अब्राहामाबरोबर एकाच दिवशी होते. तरी करार चालणार तो अजून जन्मालाही न आलेल्या इसहाकाशी. ज्येष्ठत्वाचा नियम या पुस्तकात वारंवार मोडतो. इश्माएलाऐवजी इसहाक, एसावाऐवजी याकोब, आणि शेवटी मनश्शेऐवजी एफ्राइम. ज्येष्ठ पुत्राला मिळायचे ते धाकट्याला मिळत असेल, तर जे मिळते आहे ती मालमत्ता नव्हे, हे वाचकाने ओळखायला हवे.

आता इसहाक. मोरियाच्या प्रसंगावर कीर्केगार्दने १८४३ साली एक अख्खे पुस्तक लिहिले. एरिक आउअरबाखने १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायमेसिस’च्या पहिल्याच प्रकरणात त्या प्रसंगातील न सांगितलेल्या गोष्टींचे वजन होमरच्या उजळ, तपशीलवार कथनाशेजारी ठेवून दाखवले. दोघांचेही लक्ष मुख्यतः अब्राहामावर आहे. मला त्या प्रसंगानंतरचा मुलगा अधिक महत्त्वाचा वाटतो. डोंगर चढताना बापलेक बरोबर चालत होते, हे संहिता दोनदा सांगते. उतरताना ती फक्त अब्राहाम आपल्या सेवकांकडे परतल्याचे सांगते. इसहाकाचे नाव नाही. यानंतर बापलेकांचे एकही संभाषण नोंदलेले नाही. इसहाक पुन्हा भेटतो तो बैर-लहाय-रोईच्या बाजूने येताना, म्हणजे हाकलल्या गेलेल्या हागारेच्या कथेतील विहिरीकडून. पुढे अब्राहामाला मकपेलाच्या गुहेत पुरताना इसहाक आणि इश्माएल दोघेही हजर असतात. सुरीखालून आलेला मुलगा आणि रानात सोडलेला मुलगा एकाच बापाला मूठमाती देतात. निवेदक त्यावर एक शब्दही बोलत नाही.

या इसहाकाची श्रद्धा कोणती? देव त्याला वचन देतो, पण अब्राहामाखातर. तो स्वतः बापाचीच चूक गिरवतो आणि बायकोला बहीण म्हणवतो. मात्र सव्विसाव्या अध्यायात एक तपशील आहे, आणि परंपरेविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा. अब्राहामाच्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या होत्या. इसहाक त्या पुन्हा खणतो आणि त्यांना बापाने दिलेलीच नावे देतो. मग तो नव्या खणायला लागतो. पहिलीवर भांडण होते, दुसरीवर वैर, तिसरीला मोकळी जागा मिळते. तिन्ही नावे तेच सांगतात: एसेक, सितना, रहोबोथ. बापाचे नाव राखायचे, पण पाणी स्वतः काढायचे. याकोब पुढे शपथ घेताना देवाचा उल्लेख आपल्या बापाला ज्याचा धाक होता तो, अशा अर्थाच्या नावाने करतो. मोरियाहून उतरलेल्या मुलाकडे धाकच उरला असेल, तर त्यात नवल नाही.

याकोबाच्या बाबतीत तर श्रद्धेचे हस्तांतर झाले नाही हे व्याकरणच सांगते. आंधळ्या बापाला फसवून आशीर्वाद घेताना, शिकार इतक्या लवकर कशी मिळाली या प्रश्नावर तो उत्तर देतो, की तुमच्या देवाने ती मला दिली. तुमच्या, माझ्या नव्हे. बेथेल येथे स्वप्नात थेट वचन मिळाल्यावरही तो सौदा करतो: अन्न, वस्त्र आणि सुखरूप परतणे पदरात पडले, तर हा माझा देव. मग लाबानाकडची वीस वर्षे, आणि यब्बोकच्या काठी रात्रभराची झुंज. मांडीचा सांधा निखळतो, नाव बदलते, आणि शखेमजवळ तो जी वेदी बांधतो तिला ‘इस्राएलाचा देव’ असे सांगणारे नाव देतो. इस्राएल म्हणजे आता तो स्वतः. ‘तुमच्या’पासून ‘माझ्या’पर्यंत यायला त्याला अर्धे आयुष्य लागले, आणि तो लंगडत आला.

यावर आक्षेप येईल. नव्या करारातील ‘इब्रीकरांस पत्र’ याच माणसांची विश्वासवीर म्हणून एक ओळ लावते. ती चुकीची म्हणायची काय? नाही. ती उपासकांची गरज आहे, आणि तिचा मान राखावा. परंतु यादी आणि कथा यांचे काम भिन्न असते. यादी वाकडी वाट सरळ करते. कथा ती वाकडीच ठेवते. साहित्याच्या वर्गात आपण यादी शिकवून कथा शिकवल्याचे समाधान मानतो, ही माझी तक्रार आहे.

या प्रश्नाचा एक धागा मराठीपर्यंतही येतो. कोकणातील बेने इस्रायल समाज शतकानुशतके इतर ज्यूंपासून दूर राहिला. हिब्रू विद्या जवळजवळ लोपली असतानाही त्यांनी सुंता आणि शब्बाथ पाळले. तेल गाळणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. म्हणजे खूण टिकली होती, कथा बुजली होती. एकोणिसाव्या शतकात ती पुन्हा खणली गेली, आणि त्यासाठी त्यांनी बायबलमधील चरित्रांवर चक्क मराठी कीर्तने रचली. विहीर जुनी, नावेही जुनीच. पोहरा मात्र इथला. वारसा मिळाला म्हणून ते स्वस्थ बसले असते, तर एवढा खटाटोप करण्याचे कारण नव्हते.

आणि शेवटी ज्या भूमीचे वचन होते तिचे काय झाले? अब्राहामाने मालकीहक्काने घेतली ती साराच्या दफनासाठी एफ्रोन हित्तीकडून विकत घेतलेली गुहा आणि तिचे शेत, रोख चारशे शेकेल चांदी मोजून. याकोबाने शखेमजवळ जमिनीचा एक तुकडा घेतला, तोही विकतच. योसेफाशी तर देव एकदाही थेट बोलत नाही, तरी मरताना तोच वचनाची आठवण देतो आणि आपली हाडे इथून न्या, अशी शपथ भावांकडून घेतो. पुस्तक संपते ते मिसर देशातील एका शवपेटीपाशी. वचनाला सातबाऱ्याचा उतारा समजून आज जे त्यावर दावे सांगतात, त्यांनी हा शेवट वाचावा. आणि परंपरा विद्यार्थ्यांच्या हाती आयती सोपवता येते असे मानणाऱ्या आपण शिक्षकांनीही वाचावा. विहीर कुठे होती एवढे आपण दाखवू शकतो. माती उपसण्याचे काम ज्याचे त्याला करावे लागते, आणि लागणारे पाणी आपल्या ओळखीच्या चवीचे असेल, अशी अट घालता येत नाही.