कमी दराचं बिल कोण भरतं?

नोकरी नको, स्वतःचं काहीतरी करू, असं म्हणणारी मुलं आता आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात दिसतात. गॅरेज, पेंटिंग, फॅब्रिकेशन, एसी दुरुस्ती ही कामं आपल्याकडे पूर्वीपासून होतीच. आता त्यात प्रेशर वॉशिंगची भर पडली आहे. एक मशीन, भाड्याचा टेम्पो आणि दोन-चार मुलं एवढ्यावर धंदा उभा राहतो. पावसाळ्यानंतर सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवरचं शेवाळ काढायचं, पार्किंगमधले ऑइलचे डाग घालवायचे, पाण्याच्या टाक्या धुवायच्या. भांडवल कमी लागतं, म्हणून या धंद्यात उतरणं सोपं. आणि उतरणं सोपं, म्हणूनच टिकणं अवघड. सगळ्यांची तक्रार एकच: आपण कोटेशन देतो आणि काम दुसराच कोणीतरी निम्म्या दरात घेऊन जातो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पंप आणि नोझल हा माझा रोजचा विषय नाही. पण माझा मावसभाऊ पुण्यात हा धंदा करतो आणि त्याची कोटेशनं गेली तीन वर्षं माझ्या लॅपटॉपवर तयार होतात. शिवाय मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे, म्हणजे इतरांनी दिलेली कोटेशनं उघडणाऱ्यांतही मी असतो. या दोन्ही खुर्च्यांवरून जे दिसलं ते इथे मांडतो.

एक ताजं उदाहरण घेऊ. एका सोसायटीत दहा हजार चौरस फूट पेव्हर ब्लॉक आणि जमिनीखालच्या दोन टाक्या साफ करायच्या होत्या. भावाने ३०,५०० रुपये सांगितले. काम १७,००० रुपयांत दुसऱ्याला गेलं. भाऊ म्हणाला, "भाई, पुढच्या वेळी मीपण सतरा टाकतो." मी म्हटलं, टाक, पण आधी हिशेब बघू.

हिशेब असा होता. मशीन तासाला साधारण पाचशे चौरस फूट धुतं, म्हणजे पेव्हरचे वीस तास. टाक्या धरून तीन दिवस. चार मजूर, रोज ८०० रुपये, तीन दिवसांचे ९,६००. मशीन चालवणारा कसबी माणूस, रोज १,२०० प्रमाणे ३,६००. मशीन ९० हजारांना घेतलेलं. त्याची झीज, सील, होज आणि दुरुस्ती धरून तासाला १०० रुपये, म्हणजे २,०००. केमिकल २,०००, टेम्पो ३,०००. इथपर्यंत २०,२०० झाले. त्यापुढे हातमोजे, गमबूट आणि विमा ८००, टाकीसाठी हवेचा ब्लोअर आणि गॅस मीटर यांचं भाडं १,५००, भावाची स्वतःची पाहणी आणि तीन दिवसांची देखरेख ४,०००. एकूण २६,५००. त्यावर पंधरा टक्के नफा धरून ३०,५००.

म्हणजे १७,००० या आकड्यात फक्त मजुरी, मशीन, केमिकल आणि टेम्पो यांचा खर्चसुद्धा निघत नाही. दर पाडणं हा काही जादूचा प्रयोग नाही. यादीतली कोणती तरी ओळ खोडली गेली असणार. कोणती, हा प्रश्न ना सोसायटीने विचारला, ना भावाने.

स्वस्त दर देणारा प्रत्येक जण लबाड असतो असं मात्र नाही, हेही समजून घ्यायला हवं. काही जण स्वतः मशीन चालवतात, त्यांची एका कसबी माणसाची मजुरी वाचते. कोणाचं शेजारच्याच इमारतीत काम चालू असतं, त्याला टेम्पोचा खर्च नसतो. कोणाकडे मोठं मशीन असतं. इथे आपली मुलं एक गफलत करतात. मशीन घेताना ती फक्त बार, म्हणजे दाब बघतात. पाण्याच्या झोताची ताकद दाब आणि प्रवाह या दोन्हींवर ठरते. बारला मिनिटाच्या लिटरने गुणा आणि ६०० ने भागा, किलोवॅट मिळतात. १२० बार आणि मिनिटाला ८ लिटरचं मशीन १.६ किलोवॅट देतं. १५० बार आणि १५ लिटरचं ३.७५ देतं. दाब पाव पटीनेच वाढला, पण ताकद दुपटीच्या वर गेली. ज्याचं काम खरोखरच निम्म्या वेळात होतं, त्याने कमी दर दिला तर तो त्याचा हक्क आहे. त्याच्याकडून शिकावं. हे शिकायचं असेल तर आधी आपल्या कामाचा तासाचा खर्च माहीत असावा लागतो. तो बहुतेकांनी कधी काढलेलाच नसतो. बाजारात चालू असलेला चौरस फुटाचा दर सांगायचा आणि नशिबावर सोडायचं, ही आपली पद्धत.

पण खोडलेली ओळ दुसरीही असू शकते. शेवाळ घासण्याऐवजी पेव्हरवर ॲसिड ओतलं की काम झटपट होतं. त्या दिवशी फरशी लख्ख दिसते. ॲसिड मात्र सिमेंटचा वरचा थर खातं, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पुढच्या पावसाळ्यात शेवाळ आणखी घट्ट धरतं. शून्य अंशाचं नोझल लावून भराभर मारलं तर सांध्यांतली वाळू उडून जाते आणि ब्लॉक हलायला लागतात. हे नुकसान सहा महिन्यांनी दिसतं. तोवर कंत्राटदार गेलेला असतो आणि सोसायटीने वाचवलेले साडेतेरा हजार दुरुस्तीत गेलेले असतात.

सगळ्यात वाईट ओळ खोडली जाते ती टाकीची. बंद टाकीतल्या हवेतला प्राणवायू कमी झालेला असू शकतो. बाहेरच्या हवेत तो सुमारे २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की तिथे माणूस उतरवणं धोक्याचं. हे डोळ्यांना दिसत नाही, नाकालाही कळत नाही. मीटरच लागतो. आधी झाकणं उघडी ठेवावी लागतात, ब्लोअरने हवा खेळवावी लागते, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर लक्ष ठेवणारा माणूस लागतो. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून कोणतं रसायन वापरायचं हेही ठरलेलं असावं लागतं. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीच्या टाकीत साफसफाईसाठी उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. पाण्याची टाकी होती, गटार नव्हे. "पाण्याचीच तर टाकी आहे, त्यात काय" हे वाक्य किती महाग पडतं ते तिथे दिसलं. आणि कोणी जाता जाता "ही सेप्टिक टँकपण करून टाक" म्हणाला, तर साफ नाही म्हणा. सुरक्षेच्या साधनांशिवाय सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

भावाच्या कोटेशनमधली ब्लोअर आणि मीटरची ओळ १,५०० रुपयांची होती. दर पाडायचा झाला की सर्वांत आधी तीच खोडावीशी वाटते, कारण ती खोडली तरी फरशी तेवढीच स्वच्छ दिसते. कमी दराचं बिल कोणीतरी भरतंच. ग्राहक भरत नाही, मालक भरत नाही, तेव्हा ते टाकीत उतरणारा भरतो. आणि टाकीत उतरणारा बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला, रोजंदारीवरचा मुलगा असतो.

काम हातचं गेलं की आपल्याकडे आणखी एक उत्तर तयार असतं: नाव बघून दिलं नाही. असं होतच नाही असं मी म्हणणार नाही. भाड्याने घर शोधताना आपल्यापैकी अनेकांनी ते अनुभवलं आहे. पण प्रत्येक हरलेल्या कोटेशनवर तोच शिक्का मारला तर दुरुस्त करण्यासारखं जे आहे तेही दिसेनासं होतं. आम्ही शीटमध्ये एक रकाना ठेवला आहे: काम का गेलं. भाऊ प्रत्येक वेळी फोन करून अदबीने विचारतो. कधी दर, कधी कोणाची ओळख, कधी "तुमचं कोटेशन उशिरा आलं", कधी "त्यात काय काय येणार ते कळलंच नाही." काही ठिकाणी उत्तरच मिळत नाही. शेवटचं कारण आमच्या हातातलं होतं, म्हणून तिथून सुरुवात केली.

कमिटीच्या खुर्चीवरून हे जास्त स्पष्ट दिसतं. आमच्यासमोर तीन कागद येतात. दोघांवर एकच ओळ असते: "क्लीनिंग चार्जेस, इतके रुपये." तिसऱ्यावर थोडं अधिक. काम एकच आहे असं गृहीत धरून कमिटी सर्वांत लहान आकड्यावर बोट ठेवते. यात कोणाची बदमाशी नसते. तुलना करायला आकड्याशिवाय दुसरं काही दिलेलंच नसतं.

म्हणून कोटेशनमध्ये काम लिहा. किती चौरस फूट, किती माणसं, किती दिवस, कोणतं केमिकल, ॲसिड वापरणार नाही, सांध्यांत वाळू पुन्हा भरणार की नाही, पाणी कोणाचं. वीस तास मशीन चाललं तर मिनिटाला १५ लिटरने १८ हजार लिटर पाणी लागतं. पुण्यात ऐन टंचाईत हा आकडा आधी सांगितला नाही तर भांडण ठरलेलं. टाकीची सुरक्षा वेगळ्या ओळीत, वेगळ्या रकमेसह लिहा. पाहणीला गेलात की दोन फूट बाय दोन फूट तुकडा धुऊन दाखवा. आधीचे आणि नंतरचे फोटो जोडा. तुमचं कोटेशन नीट असलं की कमिटीतला कोणीतरी बाकीच्या दोघांना विचारतोच, "हे तुमच्यात धरलंय का?" तिथे स्पर्धा खऱ्या अर्थाने सुरू होते. तरीही काम गेलं तर जाऊ द्या. तोट्याचं काम मिळवणं म्हणजे पैसे देऊन घाम गाळणं. १७ हजारांना ते काम घेतलं असतं तर भावाला त्या तीन दिवसांत खिशातून पैसे घालावे लागले असते.

सरकारी कामांत सर्वांत कमी दरवाला जिंकतो, हे बहुतांशी खरं आहे. तिथेही थोडी जागा आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना केंद्र सरकारच्या खरेदीत बयाणा रकमेतून सूट आहे. तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंतच जास्त असेल आणि काम वाटून देता येण्यासारखं असेल, तर कमी दराशी जुळवून कामाचा काही भाग मिळवता येतो. दर्जाला गुण देऊन निवड करण्याची मुभा ऑक्टोबर २०२१ पासून काही कामांना मिळाली आहे, पण तिथेही दर्जाचा वाटा जास्तीत जास्त ३० टक्के. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात अंदाजपत्रकापेक्षा फार खाली दर भरणाऱ्याला जादा सुरक्षा ठेव भरावी लागते. म्हणजे फार स्वस्त दर संशयास्पद असतो, हे सरकारलाही कळतं. उद्यम नोंदणीचा आणखी एक उपयोग आहे. लेखी करार असला तरी ग्राहकाने तुमचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवं, उशीर झाला तर व्याज मागता येतं. मजुरी रोज द्यावी लागते आणि बिल तीन महिन्यांनी येतं, यातच अनेक छोटे धंदे बुडतात.

विम्याबद्दलही सांगतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण मिळतं. बँक खातं असलेल्या १८ ते ७० वयाच्या कोणालाही ते घेता येतं. पुरेसं नाही, पण ज्याच्याकडे पाच मजूर आहेत त्याला वर्षाला शंभर रुपये परवडत नाहीत असं कोणी सांगू नये.

आता थोडं घरातलं. रमजानच्या आधी मशिदींची साफसफाई निघते: हौद, वझूखाना, गच्ची, टाक्या. शाळा आणि दवाखाने चालवणारे ट्रस्टही आपले आहेत. तिथे घासाघीस बाहेरच्यापेक्षा जास्त होते, वर "अपना ही काम है, सवाब मिलेगा" हे ऐकवलं जातं. सवाबासाठी ज्याला वर्गणी द्यायची तो देईल, ती पावती फाडून घ्या. मजुराची मजुरी ही वर्गणी नव्हे. घाम सुकण्याआधी मोबदला द्यावा हे ज्या मिंबरवरून सांगितलं जातं, त्याच इमारतीची टाकी सर्वांत स्वस्त माणसाकडून, दोराशिवाय धुऊन घेणं शोभत नाही. ट्रस्टच्या मंडळांवर आता शिकलेली तरुण मंडळी येऊ लागली आहेत. त्यांनी एवढंच करावं: कोटेशन मागवण्याआधी कामाचं वर्णन स्वतः लिहून तिघांनाही तेच द्यावं, टाकीच्या सुरक्षेच्या अटी त्यात घालाव्यात आणि अटी न पाळणाऱ्याचा दर उघडूच नये.

तुमच्यापैकी काही जण धंद्यात आहेत, काही कमिट्यांवर आहेत, काही उद्या असतील. दर कमी करायला हरकत नाही, पण तो मशीनमधून, नियोजनातून, स्वतःच्या मेहनतीतून कमी करा. पुढचं कोटेशन लिहाल किंवा उघडाल, तेव्हा आकड्याआधी एक गोष्ट शोधा: टाकीत उतरणाऱ्या माणसाची ओळ त्यात आहे का?